पडलात? आधी खरी उंची सांगा

जमिनीवर आदळल्यावर माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, "काही नाही झालं, काही नाही झालं." तेव्हा उजव्या टाचेच्या हाडाचे चार तुकडे झालेले होते आणि कंबरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबलेला होता. पण मी हसत होते. बिले देणारी, म्हणजे खालून माझा दोर सांभाळणारी मैत्रीण रडकुंडीला आली होती. तिला धीर यावा म्हणून मी उठून बसले, आणि "बघ, बोटं हलतायत" असंही दाखवलं.

त्या हसण्यापायी पुढे चार महिने हाल झाले. प्रस्तरारोहणात पडायचं कसं नाही हे शिकवणारे पुष्कळ आहेत. पडून लागल्यावर पुढचे दोन तास, दोन दिवस आणि दोन महिने काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर व्हर्नियर घेऊन दुसऱ्याच्या चुका मोजते. स्वतःची चूकही मग मोजलीच.

फेब्रुवारीतला रविवार होता, द्राक्षांचा हंगाम. कडा त्र्यंबक रस्त्याच्या अंगाचा. नाव सांगत नाही, कारण दोष कड्याचा नव्हता, आणि एकदा नाव घेतलं की तो कडा जन्मभर 'डेंजर' म्हणून बदनाम होतो. पुढे कुबड्या सुटल्यावर मी तिथे टेप घेऊन गेले. पहिला बोल्ट, म्हणजे दोर अडकवायला खडकात ठोकलेली कडी, जमिनीपासून ३.२ मीटरवर, दुसरा ४.८ मीटरवर. पडताना माझी कंबर ३.९ मीटरवर होती आणि मी हात पार वर ताणून दुसऱ्या बोल्टात दोर अडकवत होते. त्यासाठी "स्लॅक!" म्हणून ओरडून दोर मागून घेतला होता. पायाखालचा फूटहोल्ड निसटला. आता हिशोब करा. पहिल्या बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत १.६ मीटर दोर, तिथून खाली कंबरेपर्यंत आणखी ०.९. एकूण अडीच मीटर दोर पहिल्या बोल्टच्या वर मोकळा. तो ताणला जायला कंबर जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर यावी लागणार होती, आणि माझी कंबर उभ्यानेच ९५ सेंटिमीटरवर असते. म्हणजे दोर असून नसल्यासारखा. तोच बोल्ट कंबरेशी आल्यावर अडकवायला गेले असते आणि तेव्हा पडले असते, तर दोर फार तर थोडा ताणून पाय जमिनीला जेमतेम टेकले असते. मैत्रिणीने मागितला तेवढाच दोर दिला, तिची काही चूक नाही.

पावलं जमिनीपासून तीन मीटरला थोडी कमी होती. पावणेदहा फूट. एवढ्या उंचीवरून माणूस ताशी साधारण २७ किलोमीटर वेगाने खाली येतो. सायकल जोरात चालवून भिंतीवर घालावी, तसं. पण आपल्याकडे "दहाच फूट तर पडली" असं म्हणतात, आणि मीही तेच म्हणत होते. मानेच्या दुखापतीचा एक्स-रे कुणाचा काढायचा हे ठरवण्यासाठी कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये एक नियम छापला. त्यात धोक्याची उंची ३ फूट किंवा ५ पायऱ्या अशी धरली आहे. आपल्या मनातला 'एवढंसंच' याच्या तिप्पट असतो.

पहिली पाच मिनिटं

पडलेल्याने काय करायचं? पडून राहायचं. एवढंच. उठायचं नाही, बसायचं नाही, हसायचं नाही. अंगात जी लाट आलेली असते तिच्यामुळे वेदना कळत नाही. मला टाच खऱ्या अर्थाने दुखायला लागली ती पाऊण तासाने. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत "मला कसं वाटतंय" या प्रश्नाच्या उत्तराला काही किंमत नसते. "मी किती वरून आले आणि कशावर आपटले" याच्या उत्तराला असते. ते मोठ्याने सांगा, म्हणजे सोबतचा ऐकून लक्षात ठेवेल.

सोबतच्यांनी आधी वर बघायचं. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, त्यातही खडक ठिकठिकाणी कुजका. एक होल्ड निघाला की शेजारचे दोन सैल झालेले असतात. वरून दगड येत असतील किंवा आग्या मोहोळ उठलं असेल, तरच पडलेल्याला हलवायचं. तेही डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरून, दोन्ही काखांखालून ओढत. नाहीतर जागेवर.

पडलेला माणूस जमिनीवर न येता दोरावर लटकत असेल आणि बेशुद्ध किंवा हालचालीविना असेल, तर मात्र घाई करा. हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहिल्याने पायांतलं रक्त पायांतच साचतं आणि काही मिनिटांत माणसाच्या जिवावर बेतू शकतं. बिलेयरने दोर न सोडता सावकाश खाली घ्यायचं. खाली आल्यावर सरळ आडवं निजवायचं. पूर्वी अशा माणसाला अर्धवट बसवून ठेवा असं शिकवत. तो सल्ला आता मागे पडला आहे.

मग श्वास. हाक मारा, खांद्याला हात लावा, छाती वरखाली होते का बघा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने तिथेच दाबून धरा, आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. हेल्मेट काढू नका. फक्त श्वासाला अडथळा येत असेल तर, आणि तेही एकाने मान धरून दुसऱ्याने काढायचं. उलटी होत असेल तर तिघाचौघांनी मिळून, "एक, दोन, तीन" म्हणत, अख्खा माणूस ओंडक्यासारखा एका कुशीवर वळवायचा.

आमच्या गटात एक वयाने मोठे आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी मला पाच प्रश्न विचारले, ते मला आजही पाठ आहेत. आज वार कोणता? आपण कुठे आहोत? मान किंवा पाठ कुठे दुखते? हाताची-पायाची बोटं हलव. मी कुठल्या बोटाला हात लावतोय? पाचांपैकी एकाचंही उत्तर चुकलं, की मणका किंवा डोकं धरून चालायचं. माझं तिसरं उत्तर चुकलं होतं, म्हणजे मी ते खोटं दिलं होतं. कंबरेत काहीतरी गच्च आवळल्यासारखं होत होतं आणि मी म्हणाले, "छे, फक्त पाय." काकांनी कपाळावर आठी घातली पण मी इतक्या खात्रीने बोलले की त्यांनी मान्य केलं.

डोक्याला मार असेल तर त्या दिवशी परत चढणं बंद, आणि पुढचे चोवीस तास माणूस एकटा नको. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, असंबद्ध बोलणं, झापड, दोन बुबुळं लहानमोठी दिसणं, यांपैकी काहीही दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. तडकलेलं हेल्मेट आठवण म्हणून भिंतीला टांगा, डोक्यावर पुन्हा नको.

पुठ्ठा

क्लायंबिंगचे बूट मुळातच घट्ट. पावलाला मार लागला असेल आणि हाड बाहेर आलेलं नसेल, तर सूज यायच्या आत बूट हळूच, लेस पूर्ण सोडून काढा. खेचून नाही. नाही निघाला तर कात्रीने कापा; बूट तीन-चार हजारांचा असतो, पाय एकच. ट्रेकिंगचा घोट्यापर्यंतचा बूट असेल तर तो आधारही देतो, त्याच्या लेस सैल करून राहू दिला तरी चालतं.

आमच्याकडे त्या दिवशी स्प्लिंट वगैरे काही नव्हतं. गाडीवर होता द्राक्षांचा रिकामा बॉक्स. नाशिकच्या माणसाच्या गाडीवर फेब्रुवारीत तो असतोच. कोरुगेटेड पुठ्ठा, आतून नळीनळीचा, दोन पदर केले की चांगला ताठ राहतो. काकांनी तो उभा चिरला, इंग्रजी 'एल'सारखा दुमडला, पोटरीपासून तळव्यापर्यंत लावला, मध्ये माझंच जाकीट घडी करून ठेवलं आणि दोन स्लिंगने, म्हणजे क्लायंबिंगच्या पट्ट्यांनी, बांधला. गाठ हाडावर नाही, बाजूला. बोटं उघडी. पुठ्ठा नसेल तर कॅरीमॅट गुंडाळून तेच काम होतं. नियम असा की मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधले गेले पाहिजेत, आणि पाय आहे त्या स्थितीत बांधायचा. सरळ करायच्या भानगडीत पडायचं नाही.

बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबा आणि सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. नाही झालं, बोटं गार पडली, मुंग्या आल्या, तर बांधलेलं सैल करा. हे दर पंधरा मिनिटांनी. नखाला नेलपॉलिश असेल तर बोटाचा गोळा दाबा. माझ्या नखांना गडद लाल होती, काकांनी यावरून मला आजवर ऐकवलंय.

अंगावर काहीतरी पांघरा. फेब्रुवारीचं ऊन आहे, कशाला पांघरूण, असं वाटतं. पण मार लागलेला माणूस थरथरायला लागतो आणि सावलीतला खडक गार असतो. अंगाखालीही काही सरकवता आलं तर बरं, फक्त पाठ न वाकवता. खायला देऊ नका. चहा तर मुळीच नको, आणि आपल्याकडे सगळ्यात आधी तोच पुढे येतो. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. दवाखाना जवळ असेल तर पाणीही ओठ ओले करण्यापुरतं. एक कागद घ्या, त्यावर पडल्याची वेळ, उंची, कशावर पडला, बेशुद्ध होता का, कोणती गोळी कधी दिली, एवढं लिहा आणि माणसाबरोबर पाठवा.

खाली आणणं, आणि मोटारसायकल

१०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे, आणि डोंगरातल्या अपघातालाही येते, फक्त डांबरी रस्त्यापर्यंत. ते आधी जिल्हा आणि तालुका विचारतात, तेव्हा 'अंजनेरीच्या मागे' एवढ्याने भागत नाही. गावाचं नाव, फाटा, जवळची शाळा किंवा देऊळ, आणि गाडी कुठवर येते हे सांगा. आपल्यातला एक जण फाट्यावर उभा करा. कड्याच्या बुडाशी रेंज नसेल तर धारेवर जाऊन फोन करा. इंटरनेट नसताना लोकेशन पाठवत बसण्यापेक्षा मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. ११२ हाही क्रमांक आहेच. मणक्याचा संशय असेल किंवा जागा अवघड असेल तर राज्यातल्या गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र आहे, त्यांची हेल्पलाइन निघण्याआधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा. नाशिकमध्ये वैनतेयसारख्या जुन्या गिर्यारोहण संस्थांची माणसं डोंगर ओळखतात. जवळच्या वाडीतली पोरं तर दहा मिनिटांत दोन बांबू आणि घोंगडी घेऊन हजर होतात, त्यांना वाट विचारा आणि त्यांचं ऐका.

वाहून न्यायला सहा माणसं लागतात आणि बदलीला आणखी सहा असतील तर उत्तम. चार माणसं दोनशे मीटरमध्ये दमतात आणि मग ठेच लागते. पाय मोडलेला पण मणका ठीक असलेला माणूस पाठुंगळीला घेता येतो. मणक्याचा जरासाही संशय असेल तर पाठुंगळी नाही, झोळी नाही. सपाट आधार येईपर्यंत थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड जातं, कारण काहीतरी करत राहिल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही.

आणि मोटारसायकल. पडलेल्याला दोघांच्या मध्ये बसवून, पाय लोंबता ठेवून, त्र्यंबक रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकावरून उडवत शहरात आणणं ही इकडची रीत आहे. मला असंच आणलं. प्रत्येक गतिरोधकाला कंबरेतून कळ मस्तकात जात होती आणि मी दात ओठ खाऊन गप्प. माझंच म्हणणं होतं की रुग्णवाहिका कशाला, उगाच गाजावाजा होईल, आईला कळेल. तुम्ही असं करू नका. चारचाकी मिळवा, मागची सीट आडवी करा, चालवणाऱ्याला चाळीसच्या वर जाऊ देऊ नका.

दवाखान्यात

इथेच मी सगळ्यात मोठी चूक केली. शहरातल्या एका दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" मी म्हणाले, "जिन्यावरून पाय घसरला." का? कारण एक तर आईच्या लेखी रविवारी मी 'मैत्रिणीकडे' गेलेले होते. दुसरं, क्लायंबिंग म्हटलं की आधी भाषण मिळतं, मग उपचार. जिना म्हटल्यावर त्यांनी पावलाचा एक्स-रे काढला, टाच मोडलीय म्हणाले, स्लॅब म्हणजे अर्धं प्लास्टर घातलं. कंबरेकडे कुणी पाहिलं नाही. त्यांना दोष देता येत नाही. जिन्यावरून घसरणारा घोटा मुरगाळून घेतो, त्याच्या मणक्याचा फोटो कोण काढेल?

उंचीवरून पायांवर पडलं की आघात टाचेत शिरतो, तिथून नडगी, गुडघा, खुबा करत कंबरेच्या मणक्यापर्यंत चढतो. टाच मोडलेल्या दर दहा जणांत साधारण एकाचा कंबरेचा मणकाही मोडलेला असतो. हाडांच्या डॉक्टरांना हे पाठ असतं, पण त्यासाठी 'उंचीवरून' हा शब्द त्यांच्या कानावर पडावा लागतो. माझा दबलेला मणका सापडला पाचव्या दिवशी, दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी एक्स-रे बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जिन्याला किती पायऱ्या होत्या, ताई?" मी सगळं सांगून टाकलं.

तर दवाखान्यात पोहोचल्यावर हे वाक्य तोंडपाठ म्हणा: "मी क्लायंबिंग करताना इतक्या फुटांवरून, अशा जमिनीवर, दोन्ही पायांवर पडले." आणि टाच दुखत असेल तर स्वतःहून विचारा, "कंबरेचा एक्स-रे काढायचा का? दुसरी टाच बघायची का?" पाठीला मार असताना मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पायातला जोर गेला, तर थांबायचं नाही, ताबडतोब सांगायचं. स्लॅबमधला पाय उंच ठेवूनही, गोळी घेऊनही वेदना वाढतच असेल, बोटं हलवताना जीव जात असेल, तर आतला दाब वाढलेला असू शकतो. ते काही तासांचं काम असतं, सकाळची वाट बघण्याचं नाही.

दवाखाना तुमची केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून नोंदवेल, पोलीस येऊन जबाब घेतील. घाबरायचं कारण नाही, उंचीवरून पडण्याच्या केसमध्ये तसं करतात. तिथेही तेच वाक्य. दवाखान्यात एक, पोलिसाला दुसरं आणि विमा कंपनीला तिसरं सांगितलं की माणूस स्वतःच्याच जाळ्यात अडकतो. मी अडकले.

विम्याचं सांगते. माझा क्लेम आधी नाकारला गेला. कारण दोन: पहिल्या कागदावर जिना, दुसऱ्यावर कडा, आणि 'साहसी खेळ वगळलेले आहेत'. पॉलिसीची प्रत काढून वाचली. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात या वगळणुकीचा मजकूर ठरलेला आहे, त्याचा कोड 'Excl09'. त्यात रॉक क्लायंबिंगचं नाव स्पष्ट आहे, पण त्याआधी दोन शब्द आहेत, 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतल्यास. मी रविवारी हौसेने चढते, पगार कारखान्याचा घेते. हे लेखी कळवलं, कारखान्याचं पत्र जोडलं, खरी हकीकत लिहिली. पैसे मिळाले, चार महिने आणि बऱ्याच खेपा घातल्यावर. अपघात विम्याच्या वेगळ्या पॉलिसीत अटी निराळ्या असू शकतात, त्या चढण्याआधी वाचा. विमा नसेल तर जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या.

घरी

टाच मोडली की लगेच ऑपरेशन होत नाही, हे मला धक्का देणारं होतं. पाय फुगून कातडी ताणते, चकाकते, तिच्यावर पाण्याचे फोड येतात. अशा कातडीवर चिरा दिला तर जखम भरत नाही. सूज उतरून कातडीवर परत सुरकुत्या दिसेपर्यंत थांबतात, साधारण एक ते दोन आठवडे. माझं अकराव्या दिवशी झालं. तोवर काम एकच, पाय छातीपेक्षा वर. दोन उशा पुरत नाहीत, गादीखाली घडीच्या खुर्च्यांच्या गाद्या सारा.

याच दहा दिवसांत घरी येणारा प्रत्येक जण एक हाडवैद्य सुचवतो. आमच्या सिडकोच्या गल्लीत तिघांनी तीन सुचवले. मावशीने आंबेहळद-रक्तबोळाचा लेप गरम करून आणला होता. मावशीला दुखवायचं नव्हतं, पण फुगलेल्या, बधिर पायाला गरम लेप लावला की भाजलेलं कळतही नाही, आणि फोड आले की ऑपरेशन पुढे. चोळणं तर नाहीच. मी तो लेप शेजारच्या आजींच्या गुडघ्याला दिला, त्यांना गुण आला म्हणतात.

टाचेच्या सीटी स्कॅनवरून डॉक्टर ठरवतात की प्लेट टाकायची की नुसतं प्लास्टर. माझ्यासारख्या मोजणाऱ्या माणसासाठी गंमत अशी, की साध्या एक्स-रेवर टाचेचा एक कोन मोजतात. चांगल्या टाचेत तो २० ते ४० अंशांच्या मध्ये असतो. माझा ९ होता. कारखान्यात असा पीस आला असता तर मी लाल पट्टी लावून परत पाठवला असता. सिगारेट-तंबाखू असेल तर या काळात पूर्ण बंद; जखम चिघळण्याचं आणि हाड न जुळण्याचं ते मोठं कारण आहे.

मग आठ आठवडे तो पाय जमिनीला टेकवायचा नाही, आणि कंबरेला पट्टा. दुसरा मजला, लिफ्ट नाही. जिना बसून, पाठमोरं, एक एक पायरी वर सरकत चढायचा; कुबड्यांनी चढायचा प्रयत्न पहिल्या महिन्यात करू नका. संडास देशी असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती पहिल्याच दिवशी आणा. मी लाजून तीन दिवस घालवले. न्हाणीघरात प्लॅस्टिकचं स्टूल, पायाला पिशवी, पिशवीला रबर. पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली, दुखायला लागली किंवा दम लागायला लागला तर रक्ताची गुठळी असू शकते, लगेच डॉक्टर.

आईला खरं सांगितलं ते पाचव्या दिवशी, त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर. ती रागावली नाही. तिने विचारलं, "दोर होता ना?" होता म्हटलं. "मग तो काय करत होता?" या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच मी पुढे टेप घेऊन गेले, आणि वर दिलेला तो सगळा हिशोब पहिल्यांदा तिला जेवणाच्या ताटाशेजारी कागदावर काढून दाखवला.

परत

घाई करू नका, पण तारीखही ठरवू नका. फिजिओथेरपी कंटाळवाणी असते, टॉवेल बोटांनी ओढणं, एका पायावर उभं राहणं, तेच तेच. ती करा. मला धड चालता यायला साडेचार महिने लागले. सहा महिन्यांनी टॉप रोपवर, म्हणजे दोर वरून, एक सोपी भिंत चढले. पहिल्या दहा फुटांना हात इतके घामेजले की चॉकची अर्धी पिशवी संपली; त्याच्यावर गेल्यावर भीती गेली. लीड करायला, म्हणजे दोर खालून नेत बोल्टात अडकवत चढायला, वर्ष लागलं. आता दुसरा बोल्ट कंबरेशी आल्याशिवाय अडकवत नाही, आणि मध्ये पाय सुटेल असं वाटलं तर खाली उतरून येते. बिलेयर तोवर भिंतीला चिकटून, दोर आखूड ठेवून उभी असते. दोर पायाच्या मागे गेला तर ती ओरडते, कारण तसं पडलं की माणूस उलटा होऊन डोक्यावर येतो.

थंडीत टाच अजून ठणकते, डिसेंबरच्या पहाटे जास्त. आणि एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. मोडलेली टाच जुळताना रुंद होते. मला आता डाव्या पायाला ३८ आणि उजव्याला ३९ नंबरचा क्लायंबिंगचा बूट लागतो, म्हणून दोन जोड घ्यावे लागले. उजवा ३८ आणि डावा ३९ कोरे करकरीत घरात पडून आहेत. डावी टाच मोडलेली कुणी असेल तर निम्म्या किमतीत देईन.